मुक्कामापुरती अडतीस फूट जागा

अमेरिकेत शाळेची निवृत्त बस विकत घेऊन तिचं घर केलं की तिला ‘स्कूली’ म्हणतात. आतली मांडणी कितीही सुबक असो, रोज दुपारी प्रश्न एकच: आज रात्री हिला उभी कुठे करायची? व्हॅनवाल्यांनाही हा प्रश्न असतो, पण व्हॅन चुकीच्या वाटेला लागली तर चार हात मागे घेऊन वळते. अडतीस फुटी बस लागली तर पाऊण मैल रिव्हर्स, तोही अंधारात, मागे टॉर्च घेऊन चालणाऱ्याच्या इशाऱ्यावर. म्हणून ‘बस इथे मावेल का’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ‘सकाळी इथून निघेल का’.

या प्रवासातली बस इंटरनॅशनल कंपनीची, २००३ सालची, डीटी ४६६ इंजिनाची. लांबी ३८ फूट, रुंदी ८ फूट. मूळ उंची साडेदहा फूट, वर सोलर पॅनेल आणि पंख्याची टोपी धरून ११ फूट ३ इंच. सामानासकट वजन साडेबावीस हजार पौंड. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २३ फूट आणि मागच्या चाकांमागे लोंबणारी शेपूट जवळजवळ साडेअकरा फूट. हे आकडे ड्रायव्हरसमोर काचेच्या वर चिकटवलेले. शेपटीचा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत आणि खांबाला घासते ती शेपूटच: पुढची चाकं पूर्ण वळवली की मागचा कोपरा उलट्या बाजूला दोन-अडीच फूट बाहेर झोकतो.

मार्ग टेक्सासच्या अमरिलोपासून ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटपर्यंत, आठ दिवस, तेराशे मैलांच्या आसपास. महिना ऑक्टोबर, दुसरा पंधरवडा. रोजची शिस्त अशी, की दुपारच्या जेवणापर्यंत नकाशावर तीन जागा खुणावून ठेवायच्या. पहिली मनातली, दुसरी जमण्याजोगी, तिसरी डांबरी. तिसरी जागा कितीही कंटाळवाणी असली तरी चालेल, पण ती रात्री दहालाही गाठता आली पाहिजे. आणि पहिल्या जागेवर सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचता येत नसेल, तर त्या दिवशी तिचा विचार सोडायचा.

दिवस पहिला: अमरिलो ते टुकमकेरी, ११३ मैल

निघायला दुपार झाली, म्हणून पल्ला मुद्दाम छोटा. टेक्सासात महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळांवर २४ तासांपर्यंत थांबता येतं, फक्त तंबू ठोकायचा नाही. पण हा नियम राज्याराज्यांत बदलतो. कुठे दोन-चार तासांची मर्यादा, कुठे रात्रीचा थांबाच बंद. सीमा ओलांडली की आधीच्या राज्याचा नियम विसरायचा आणि विश्रांतिस्थळाच्या तोंडाशी लावलेली पाटी वाचायची. ॲपवरची तीन वर्षांपूर्वीची नोंद त्या पाटीपुढे टिकत नाही.

न्यू मेक्सिकोत शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. अमरिलोत सव्वासातच्या सुमारास मावळणारा सूर्य टुकमकेरीत साडेसहाच्या आत मावळतो. टेक्सासच्या घड्याळावर आखलेला दिवस इथे तासाभराने फसतो.

रात्र काढली ट्रक स्टॉपवर. इथली भाऊगर्दी समजून घ्यायला ट्रकवाल्यांचं वेळापत्रक माहीत हवं. संघीय नियमानुसार मालवाहू ट्रकचालकाला १४ तासांच्या मुदतीत ११ तास चालवता येतं, मग सलग १० तास विश्रांती. ती घड्याळं संध्याकाळी एकामागोमाग एक संपतात आणि अंधार पडता पडता लांब जागा भरून जातात. तिथे स्कूली घुसवणं म्हणजे कायद्याने पुढे जाऊ न शकणाऱ्या माणसाची जागा खाणं. त्यामुळे बस मोटारींच्या बाजूला, कडेला आरव्हीसाठी, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी, आखलेल्या पट्ट्यांत लावायची. पट्टा नसेल तर आत जाऊन काउंटरवर विचारायचं आणि डिझेल तिथेच भरायचं. ट्रकच्या रांगेलगत जागा मिळालीच, तर शेजारी शीतपेटीचा ट्रेलर नाही ना, हे बघून घ्यावं. त्याचं इंजिन रात्रभर थोड्या थोड्या वेळाने धडधडत चालू-बंद होतं. कानात बोळे घातले तरी ते पलंगातून जाणवतं.

दिवस दुसरा: टुकमकेरी ते ग्रँट्स, सुमारे २५० मैल

मनातली जागा होती ग्रँट्सजवळ, एल मालपाइसच्या लाव्हा प्रदेशालगतचं जो स्कीन कॅम्पग्राउंड. ते बीएलएमचं, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या संघीय खात्याचं. फुकट, पण जागा मोजक्या आणि ‘आधी येईल त्याला’. अडतीस फुटांच्या गाडीने असल्या छोट्या कॅम्पग्राउंडवर शनिवारी संध्याकाळी जायचं नसतं. त्या दिवशी शनिवारच होता, म्हणून थेट दुसरी जागा: मोठ्या दुकानाचा पार्किंग लॉट.

वॉलमार्टवर रात्री थांबता येतं ही अर्धीच खरी माहिती. परवानगी देणं त्या त्या दुकानाच्या मॅनेजरवर, आणि त्याच्याही वर गावच्या नियमांवर असतं. गावाने मनाई केली असेल तर मॅनेजरचा होकार असूनही पोलीस दार वाजवतात. क्रम असा: दुपारी दुकानात फोन करून मॅनेजरशी बोलायचं. ‘३८ फुटांची, बसची केलेली आरव्ही आहे, एक रात्र, सकाळी सातला निघू’ असं पूर्ण सांगायचं. नुसतं ‘आरव्ही’ म्हणून होकार मिळवला आणि दारात बस उभी राहिली तर तो होकार तिथल्या तिथे मागे घेतला जातो. पुढचा प्रश्न, लॉटची कुठली बाजू. फोनवर बोलणाऱ्याचं नाव कागदावर टिपायचं. पोचल्यावर लॉटला येणाऱ्या सगळ्या रस्त्यांवरच्या पाट्या वाचायच्या, कारण मनाईची पाटी बहुधा एकाच दाराला असते आणि ते दार नेमकं आपण आलेलं नसतं.

बस लावायची ती बाहेरच्या कडेला, दिव्याच्या खांबांपासून शेपटीइतकी लांब, माल उतरवण्याच्या फलाटाकडे जाणारी वाट सोडून. खुर्च्या, छत, जॅक, जनरेटर काही बाहेर नाही. डांबरावर जॅक टेकला की उन्हात खड्डा पडतो, आणि पुढच्या प्रवाशाला ‘नाही’ ऐकावं लागतं ते त्या खड्ड्यामुळे. लॉट झाडणारं यंत्र भल्या पहाटे येतं, तेव्हा दचकू नये.

बसचा रंगही इथे बोलतो. बऱ्याच राज्यांत शाळेचा पिवळा रंग, लाल-पिवळे लुकलुकणारे दिवे, ‘थांबा’चा हात आणि ‘स्कूल बस’ ही अक्षरं खाजगी गाडीवर ठेवता येत नाहीत. नियम नसता तरी रात्री लॉटमध्ये पिवळी बस दिसली की सुरक्षारक्षक आधी शाळेला फोन करतो. नोंदणी मोटरहोम म्हणून झालेली असेल तर तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात वरच ठेवावा.

आणि लॉट सपाट दिसतो, पण नसतो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून त्याला उतार दिलेलाच असतो. दोन टक्के उतार डोळ्याला कळत नाही, पण २३ फुटांच्या व्हीलबेसवर तो साडेपाच इंच होतो. डोकं उताराकडे करून झोपलेल्याला सकाळी तो बरोबर कळतो. उपाय स्वस्त: गवंड्याची पाणसळ ओट्यावर ठेवायची आणि पुढच्या चाकांखाली दोन-बाय-दहाच्या फळ्या पायऱ्यांसारख्या रचायच्या. नावाला दोन इंची असलेली फळी प्रत्यक्षात दीड इंच जाड असते, म्हणजे तीन फळ्यांनी साडेचार इंच मिळतात. उरलेला इंच झोपेत कळत नाही. उचलायचं नाक, शेपूट नव्हे. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि या अ‍ॅलिसन गिअरबॉक्सला ‘पार्क’ नावाचा गिअरच नाही, तेव्हा मागची चाकं जॅकने अधांतरी केली की बसला धरून ठेवणारं काही उरत नाही. मागच्या बाजूला फळी लागलीच, तर जोडचाकांपैकी दोन्ही टायर तिच्यावर पूर्ण टेकले पाहिजेत. एकाच टायरवर सगळा भार आला तर तो बाजूने फुगतो आणि काही दिवसांनी, भलत्याच ठिकाणी फुटतो.

दिवस तिसरा: ग्रँट्स ते हॉलब्रुक, सुमारे १६० मैल

गॅलपच्या पुढे दोन्ही बाजूंना मोकळं माळरान दिसतं, कुंपणही तुरळक. अशी जमीन पाहून ‘इथेच कुठेतरी लावू’ असं वाटतं. ती नवाहो नेशनची, म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशाची जमीन आहे आणि परवानगीशिवाय तिथे मुक्काम करता येत नाही. पश्चिमेतली रिकामी जमीन कुणाची हे बघून कळत नाही: एक चौरस मैल संघीय, शेजारचा खाजगी, पलीकडचा राज्याचा, असा बुद्धिबळाचा पट असतो. मालकी रंगांत दाखवणारा नकाशाचा थर फोनमध्ये उतरवून ठेवल्याखेरीज महामार्ग सोडू नये. पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानातून अठ्ठावीस मैलांचा रस्ता जातो, पण आत कॅम्पग्राउंड नाही आणि रात्री गाडी ठेवता येत नाही. संध्याकाळी फाटकं बंद होतात.

ही रात्र मुद्दाम पैसे देऊन आरव्ही पार्कमध्ये, कारण टाक्या. शंभर गॅलनची पाण्याची टाकी दोघांना आठवडाभर पुरते ती भांडी जपून घासली तरच. सांडपाण्याची टाकी त्याआधी भरते.

आरव्ही पार्कांची अडचण म्हणजे ‘दहा वर्षांचा नियम’: दहा वर्षांहून जुनी गाडी घेत नाहीत, किंवा फोटो पाहून ठरवतात. कारखान्यात बनलेली आरव्हीच हवी, असाही काहींचा हट्ट. फोन करण्याआधी बसचे चार फोटो पाठवायचे: पुढून, बाजूने, स्वयंपाकघर आणि सांडपाण्याचं तोंड. या चौथ्या फोटोने बरीच कामं होतात. घरगुती प्लंबिंग करणाऱ्यांनी नुसता पाइप बाहेर काढलेला असतो. पार्कवाल्याला तीन इंची, पिळून बसणारी आरव्हीची जोडणी दिसली की तो निश्चिंत होतो. कोरडा, कंपोस्टचा संडास असेल तर आधी सांगावं, कारण त्यातला मैला कचऱ्यात टाकू देत नाहीत अशी ठिकाणं आहेत.

वीज जोडण्याआधी मल्टिमीटर. ३० अँपिअरचं आरव्हीचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं, पण दिसायला ते कपडे वाळवायच्या यंत्राच्या २४० व्होल्टच्या सॉकेटचं भावंड. खांबावर कुणी घाईत २४० जोडून ठेवलं असेल तर इन्व्हर्टर-चार्जर, फ्रिज, सगळं एका क्षणात जळतं. फेज आणि न्यूट्रलमध्ये १२० च्या आसपास आकडा दिसला तरच प्लग घालायचा. दहा सेकंदांचं काम आहे.

सकाळी निघताना आधी मैल्याची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं.

दिवस चौथा: हॉलब्रुक ते टुसायान, सुमारे १७० मैल

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरच्या मॅथर आणि डेझर्ट व्ह्यू या दोन्ही कॅम्पग्राउंडवर गाडीची कमाल लांबी ३० फूट. ट्रेलर व्हिलेजमध्ये ५० फुटांपर्यंत चालतं, पण ते महिनोन्‌महिने आधी भरतं. म्हणून उद्यानाच्या हद्दीबाहेर, टुसायान गावाला लागून असलेलं कायबाब राष्ट्रीय वन. तिथे वनरस्त्यांच्या कडेला फुकट मुक्काम करता येतो, ३० दिवसांत जास्तीत जास्त १४ दिवस. नाव खुणावलं होतं फॉरेस्ट रोड ३०२.

वनखात्याचा मोटार वाहन नकाशा प्रत्येक वनासाठी फुकट मिळतो. दिसायला तो अगदी रुक्ष: डोंगर नाहीत, झाडं नाहीत, नुसत्या काळ्या रेघा आणि आकडे. पण कायद्याने तोच खरा. ज्या रस्त्याच्या रेघेशेजारी ठिपके आहेत, त्या रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरापर्यंत गाडी नेऊन मुक्काम करता येतो. अंतर नकाशावरच्या तक्त्यात दिलेलं असतं. जो रस्ता नकाशावर नाहीच, तो जमिनीवर कितीही छान दिसला तरी गाडीसाठी बंद. हा नकाशा अवेन्झा ॲपमध्ये उतरवला की नेटवर्क नसतानाही आपली जागा निळ्या ठिपक्याने दिसते. आयओव्हरलँडर किंवा कॅम्पेन्डियम या मुक्कामाच्या जागा सांगणाऱ्या ॲपवरचे अभिप्राय त्यानंतर वाचावेत, तेही गाडीची लांबी पाहून. ‘रस्ता उत्तम’ लिहिणारा बहुधा जीपवाला असतो.

पोचल्यावरची पद्धत. फाट्यापासून आत शंभरेक फुटांवर, जिथे अजून सरळ मागे येता येतं तिथे बस थांबवायची आणि चालत पुढे जायचं. हातात बारा फुटी पीव्हीसी पाइप, त्यावर ११ फूट ३ इंचांवर लाल चिकटपट्टी. पाँडेरोसा पाइनच्या खालच्या फांद्या ड्रायव्हरच्या सीटवरून उंच वाटतात. पाइप उभा धरून चाललं की पट्टीखाली येणारी फांदी लगेच सापडते. सुकी काटकी सोलर पॅनेलवर नुसती ओरखडा काढते, जिवंत फांदी पंख्याची टोपी उपटून नेते. रुंदीसाठी दोन्ही हात पसरून चालायचं: दोन्ही बाजूंना आणखी हातभर जागा हवी. वळायची जागा पावलांनी मोजायची. या बसला एका झटक्यात वळायला ऐंशी-नव्वद फूट व्यासाचा मोकळा गोल लागतो. तो नसेल तर इंग्रजी ‘वाय’सारखा फाटा, ज्यात शेपूट घालून नाक फिरवता येईल.

जमीन टाचेने तपासायची. पूर्ण भार देऊन टाच रोवली आणि अर्ध्या इंचाच्या आत थांबली तर ठीक. काल-परवा पाऊस झाला असेल तर त्याच जागी स्क्रूड्रायव्हर खुपसून बघायचा. वरचा पापुद्रा कडक आणि खाली लोणी, असं असतं. मुक्काम आधीच वापरलेल्या, दगडांची चूल असलेल्या जागेवरच. नवी जागा पाडायची नाही. आणि नाक रस्त्याकडे करून उभं राहायचं. संध्याकाळी दमलेल्या माणसाला हे उद्यावर ढकलावंसं वाटतं. पण रात्री शेजारी दोन ट्रेलर येऊन लागतात आणि सकाळी वळायची जागाच नाहीशी झालेली असते.

सावलीत लावली की सोलर मेलं, हा पाइनच्या वनातला सौदा. टुसायान साडेसहा हजार फुटांवर आहे आणि ऑक्टोबरअखेरीस पहाटे पारा शून्याखाली जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या शून्य अंशाखाली चार्ज करायच्या नसतात. चांगला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, चार्जिंग तोडतो, स्वस्तातला तोडत नाही आणि बॅटरी कायमची दुखावते. त्या खालच्या लोखंडी पेटीत नसाव्यात, पलंगाखाली असाव्यात. जनरेटर चालवायचा तर दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद कमी धरायची.

सकाळचा एक शिष्टाचार. एअर ब्रेकच्या टाक्या रात्रीत थोड्या गळतात. हवेचा दाब ६० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) खाली असला की इशाऱ्याचा बझर वाजत राहतो आणि १०० च्या पुढे गेल्याशिवाय निघायचं नसतं. टाक्या पार रिकाम्या झाल्या असतील तर चढ्या आयडलवर पाचेक मिनिटं इंजिन घुमतं. पहाटे पाचला निघायचा बेत असेल तर हे शेजाऱ्यांच्या तंबूपासून दूर लावतानाच लक्षात ठेवायचं. गळती रोज वाढत असेल तर साबणाचं पाणी घेऊन सांधे तपासायचे. बुडबुडा जिथे, दोष तिथे.

दिवस पाचवा: टुसायान ते लोन रॉक, सुमारे १४० मैल

डेझर्ट व्ह्यूपासून कॅमेरॉनपर्यंत रस्ता तीन हजार फुटांहून जास्त उतरतो. गिअर उतार सुरू होण्याआधी खाली आणायचा. ठरवलेल्या वेगाला पोचलं की ब्रेक तीनेक सेकंद ठामपणे दाबून वेग पाच मैलांनी कमी करायचा, मग पूर्ण सोडायचा. सतत हलका पाय ठेवला की ड्रम तापतात.

आजची खरी गंमत घड्याळाची. ॲरिझोना उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाही, नवाहो नेशन पाळतं, पेज गाव पाळत नाही, आणि दहा-बारा मैलांवरचं लोन रॉक युटात असल्याने पाळतं. फोन टॉवरागणिक उड्या मारतो. पेजच्या घड्याळात पावणेसहाला मावळणारा सूर्य लोन रॉकच्या घड्याळात पावणेसातला मावळतो. सूर्य तोच. डॅशबोर्डवर एक साधं घड्याळ सकाळच्या वेळेला लावून ठेवलं की ‘अजून दीड तास उजेड’ हे गणित चुकत नाही.

लोन रॉक म्हणजे पॉवेल तलावाचा वाळूचा किनारा, ग्लेन कॅन्यन राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रातला. प्रवेश शुल्काखेरीज रात्रीचं वेगळं शुल्क पडतं. आखलेल्या जागा नाहीत; डांबर संपतं आणि समोर पाण्यापर्यंत वाळू. तलावाची पातळी वर्षागणिक बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या फोटोतली पाण्याकाठची घट्ट जागा या वर्षी पाण्याखाली असते किंवा पाण्यापासून लांब, भुसभुशीत उतारावर.

साडेबावीस हजार पौंडांतला जवळजवळ दोन तृतीयांश भार मागच्या आसावर असतो. जोडचाकं रुंद, म्हणून ती तरंगतील असं वाटतं. प्रत्यक्षात आधी रुततात पुढची, वळवलेली चाकं, आणि मग मागची ढकलता ढकलता खड्डा करतात. डांबराच्या टोकाला थांबून चालत जायचं. टाच इंचाहून खोल गेली की ती वाट आपली नाही. माग पाहायचे ते मोठ्या मोटरहोमचे. जीपचे माग फसवे. निवडलेल्या जागेपर्यंत एका संथ गतीने जायचं, वाटेत थांबायचं नाही, ब्रेक दाबून नव्हे तर ॲक्सिलरेटर सोडून थांबायचं, चाकं सरळ ठेवून. आणि थांबायचं अशा ठिकाणी, की निघताना पहिली दोन हात वाट किंचित उताराची असेल. पाण्याकाठचा मोह टाळून बस कडक पट्ट्यावर, डांबरापासून जवळ ठेवली. तिथून पाणी दिसतं, तेवढं पुरे.

रुतलीच तर पहिल्या चाकफेरीला थांबायचं. आणखी दोन फेऱ्या म्हणजे आणखी अर्धा फूट. फावड्याने चारही ठिकाणी चाकांपुढची वाळू उताराने काढायची, फळ्या तिरप्या सारायच्या, बसमधली माणसं आणि जमल्यास पाणीही उतरवायचं. शंभर पीएसआयचे टायर सत्तरवर आणले तर पाऊलखूण रुंद होते, पण मग चालण्याच्या गतीपलीकडे जायचं नाही आणि डांबरावर आल्याबरोबर हवा भरायची. ब्रेकच्या टाकीवर टायर भरायचा नळ बसवून घेतलेला असेल तर वेगळा कॉम्प्रेसर लागत नाही. बसचाच १२० पर्यंत हवा देतो. रस्त्याकडेच्या मदतीची पॉलिसी डांबराबाहेर चालते का, हे वाळूत उभं राहून वाचायची वेळ येऊ नये.

रात्री वारा सुटतो. नाक वाऱ्याकडे ठेवलं तर बस कमी हलते. बाजूने घेतला तर आठ फूट रुंदीचं जहाज डोलतं.

दिवस सहावा: लोन रॉक ते हरिकेन, सुमारे १३० मैल

नकाशा कॅनबहून झायन राष्ट्रीय उद्यानातून वाट दाखवतो. घ्यायची नाही. झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० सालचा, १.१ मैल लांब, मोठ्या गाडीला तो सहज खुला नाही, आणि मोठ्या गाडीची व्याख्या ७ फूट १० इंच रुंदीपासून सुरू होते. कुठलीही पूर्ण आकाराची स्कूली आठ फुटांची. कॅनबहून फ्रेडोनियाला उतरून कोलोरॅडो सिटीवरून हरिकेन गावाला जाणारा रस्ता मोकळा आहे आणि डोक्याला ताप नाही.

हरिकेनच्या कड्यांजवळ बीएलएमने मुक्कामाच्या जागा क्रमांकाचे खांब लावून नेमून दिल्या आहेत, त्याच वापरायच्या. इथली माती चिकण. कोरडी असताना डांबरासारखी, पाऊस पडला की साबण. चिखल टायरच्या खाचांत भरतो, टायर गुळगुळीत होतो आणि सपाट जमिनीवरही बस आडवी सरकते. अंदाजात पाऊस असेल तर त्या रात्री तिसरी जागा, डांबरी. आत असताना पाऊस आलाच तर निघायचा हट्ट करू नये. ऊन पडल्यावर अर्ध्या दिवसात वरचा थर सुकतो. अन्नपाणी एक दिवस जास्तीचं असावं ते एवढ्यासाठी.

दिवस सातवा: हरिकेन ते सर्चलाइट, सुमारे १९५ मैल

लास व्हेगास न थांबता ओलांडलं. शहरात व्हॅन लपते, बस लपत नाही. रात्री शहरात काढायचीच तर पैसे देऊन कॅसिनोच्या आरव्ही पार्कमध्ये, आणि बहुमजली पार्किंगच्या दाराकडे तोंडही करायचं नाही. दक्षिणेला सर्चलाइटजवळ बीएलएमची जमीन पसरली आहे. त्यातला मोठा भाग मार्च २०२३ पासून अवी क्वा आमे राष्ट्रीय स्मारकात येतो. आधी वापरलेल्या खडीच्या मोकळ्या जागेवर मुक्काम. कोरड्या ओढ्याच्या पात्रात नाही, ते कितीही सपाट आणि वाऱ्याआड असलं तरी. पाऊस वीस मैलांवर पडतो, पाणी इथे येतं.

दिवस आठवा: सर्चलाइट ते क्वार्ट्झसाइट, सुमारे १६० मैल

क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसा: बीएलएमचं हिवाळी, दीर्घ मुक्कामाचं क्षेत्र. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल; पूर्ण हंगामाचा परवाना १८० डॉलर, १४ दिवसांचा ४० डॉलर. परवान्याचा स्टिकर काचेवर लावायचा. पाणी, कचरा आणि टाक्या रिकाम्या करायची सोय आत आहे. ज्या बसमध्ये संडास आणि टाक्या पक्क्या नाहीत तिने स्वच्छतागृहाच्या ५०० फुटांच्या आत राहायचं. गावाभोवती फुकट जागाही आहेत, १४ दिवसांच्या. मुदत संपली की २५ मैल दूर जावं लागतं. एकदोन आठवडेच थांबायचं असेल तर फुकटची पुरते. महिनाभर राहायचं तर पाण्याच्या फेऱ्यांचं डिझेल धरून परवानाच स्वस्त पडतो.

इथे बस कशी वळवावी हा प्रश्नच नाही, जागा मैलभर आहे. तेव्हा निवड उन्हाची: पॅनेल छतावर आडवी असतील तर दिशा कुठलीही चालते, तिरपी उचलणारी असतील तर उचललेली कडा उत्तरेला, म्हणजे काच दक्षिणेकडे. फ्रिजची बाजू पश्चिमेला येऊ देऊ नये. जमीन बारीक दगडांची, घट्ट बसलेली. टाच रुततच नाही. पाणसळीचा बुडबुडा पहिल्याच थांब्याला मधोमध आला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा फळ्या पेटीतच राहिल्या.